एकेरी टाके, दुहेरी टाके

हसू नका, पण माझा खांदा शिवून घ्यायच्या आधी मी बकऱ्याचा खांदा शिवून पाहिला. माझ्या खांद्यातला स्नायुबंध तुटला होता. डॉक्टर म्हणजे माझाच जुना विद्यार्थी. तो म्हणाला, टाके एका रांगेत घालता येतात, नाहीतर दोन. पक्के कोणते? जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला हे तपासल्याशिवाय कसं पटणार?

घाटंजीच्या बाजारातून बकऱ्याचे दोन खांदे आणले, कापून एक एकेरी टाक्यांनी शिवला, दुसरा दुहेरी. शेजारच्या बाबारावकडून कापूस मोजायची वजनं आणली. भाव पडल्यापासून त्याचा काटा तसाही बसूनच होता. वजनं टांगली, तर एकेरी टाके आधी तुटले. तरी वाटलं, ते मीच कच्चे घातले असतील.

हे ऐकून डॉक्टर हसला. "सर, दुहेरीच घालू. पण दीड महिना हात गळ्यात राहीन. शर्टाच्या गुंड्या कोण लावून देईन तुमाले? घरी कोण हाय?"

मी म्हटलं, "अजून एकदा तपासून पाहतो, मग सांगतो."

बाबाराव अधूनमधून येऊन विचारतो, "सर, वजनं नेऊ का?"

"बस, चहा घे," मी म्हणतो. "प्रयोग चालू आहे."