भानुदासरावांचं गाळलेलं पान

मंडळी, कामधंदे टाकून शोकसभेला इतके जण आलात. हॉल भरला. सुभेदार भानुदासराव जिवंत असताना यातली चार माणसं जरी त्यांच्या ओट्यावर आली असती, तर आज मला बोलणं एवढं जड गेलं नसतं. रडू आवरता येतं हो. राग आवरत नाही.

मी त्यांची शेजारीण. कॉन्व्हेंटात शिकलेली, निवृत्त शिक्षिका. बांगलादेशच्या मुक्तियुद्धात लढलेल्या त्यांच्या रायफल पलटणीचा इतिहास त्यांनी लिहिला, मी टाइप केला. मी वाक्य सजवायला गेले, की त्यांच्या जामखेडी बोलीचा हिसका मिळायचा. "बाई, ही लग्नपत्रिका न्हाई. झालं तसं लिवा."

काय झालं होतं? हल्ल्यात त्यांची तुकडी ठरल्या जागेच्या पुढं धावली. वायरलेस भानुदासरावांच्या पाठीवर. पुढं सरकलो, हे मागं कळवायचं काम त्यांचं. धावण्याच्या भरात ते राहिलं. आपल्याच तोफांचे गोळे आपल्याच पोरांवर पडले. तिघं गेले. कागदावर काय आलं? शत्रूच्या माऱ्यात वीरमरण.

म्हातारपणी ते अकोल्याकडं गेले, त्या तिघांतल्या एकाच्या धाकट्या बहिणीला भेटायला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दादा, माझा भाऊ पुढं जाताना गेला ना? मागं पळताना न्हाई?"

"पुढं जाताना, आक्का."

"मग तसंच लिवा. अन् तुमची चूक बी लिवा."

त्यांनी लिहिली. आणि आपली स्मारक समिती म्हणाली, ते पान गाळा. पलटणीची बदनामी होते म्हणे! कुणाची बदनामी? ज्याच्या पाठीवर सेट होता तोच सांगतोय, चूक माझी. मग लाज तुम्हाला कशाची? भानुदासराव लिखाणाचं बाड उचलून घरी घेऊन आले. पुन्हा कुणाकडं गेले नाहीत.

आत्ताच समितीच्या अध्यक्षांनी जाहीर केलं, पुस्तक सुभेदारांच्या स्मरणार्थ छापू. ते एक पान वगळून. माणूस गेला, आता नाही म्हणायला कोण उरलंय, असंच ना?

मी उरलेय.

सुभेदारसाहेब, तुम्हाला माझा नमस्कार. आणि अध्यक्ष, हे घ्या ते पान. तिघांची नावं आहेत, गावं आहेत, खाली भानुदासरावांची सही. माइक धरा आणि तुम्हीच वाचा, मागच्या रांगेला ऐकू जाईल असं. वाचून झालं की आपण सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू.

वाचा. आम्ही थांबलोय.