के. राम यांचं म्हणणं

ज्योत्स्ना : आज नको वाचायला, काकी. लाइन पण सारखी तुटतीय.

केसरबाई : लाइन तुटली तर पान भरलं कुठनं? दिसतंय की मला, वरपासनं खालपर्यंत लिवलंय. वाच. निरवांगीहून एसटीनं आलीय मी, काय तुझं मशीन बघायला?

ज्योत्स्ना : तुमचं काम झालंय ना? रोहिणीताईंना ई-मेल गेली.

केसरबाई : ती काय, लेकीला चार वळी. 'बरी हायेस का, आमी बरं हाय.' खरं काम हे. कुणाचं उत्तर आलंय?

ज्योत्स्ना : रविराजरावांचं.

केसरबाई : जावयाचं? मग वाच की. काय म्हणतोय? लई झोंबलं का?

ज्योत्स्ना : झोंबलं असतं तर बरं झालं असतं. ह्या वेळी ते तुमच्याशी सहमत झालेत.

केसरबाई : काय सांगतीस! उन्हाळ्यापासनं भांडतोय आमी. शेतकऱ्याला इन्कम टॅक्स लावा म्हणाला, विजेची सवलत काढा म्हणाला, मुंबई कमावती आन् गावं बसून खात्यात म्हणाला. त्याचा पक्ष एक, आमचा एक. एकदा तरी व्हय म्हणालाय का?

ज्योत्स्ना : चूक माझीच. जगभरचे मराठी लोक इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून इंटरनेटवरच्या ह्या गटावर भांडतात, काकींना गंमत दाखवावी म्हटलं. तर पहिल्याच पानावर तुमचे जावई निघाले.

केसरबाई : निघाले तर निघाले. घरी आला की जावई. पाय धुवाया पाणी द्यायचं, पदर सावरून हळू बोलायचं. सरपंच झाली तरी सासूच की मी. हितं मातूर मी के. राम. के. राम बाईमाणूस हाय हे त्याला कुठं ठावं? वाच.

ज्योत्स्ना : 'राम साहेब, आपण पहिल्यांदाच एका बाजूला आलो. ऊसतोडीला आलेली बाहेरची कुटुंबं गावातच राहिली आणि आता रेशन कार्ड मागतात, त्यांना दाखला देऊ नये, असं आपण लिहिलंत. शंभर टक्के पटलं. बाहेरून आलेल्यानं आधी गावचा व्हावं, मग हक्क मागावा.'

केसरबाई : बघ! हुशार हाय पोरगं. आपनच बघून दिलंय.

ज्योत्स्ना : 'इथे कॅलिफोर्नियातही लोक हेच म्हणतात आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. स्वतःच्या घरातलं उदाहरण देतो. माझी पत्नी माझ्या व्हिसावर आली. तिला इथे नोकरी करायची परवानगी नाही. एम.एस्सी. आहे, तिकडे कॉलेजात शिकवत होती. इथे आल्यापासून घरीच असते. आम्ही कधी तक्रार केली नाही. कायदा तो कायदा.'

केसरबाई : थांब, थांब.

ज्योत्स्ना : काकी? पाणी आणू का?

केसरबाई : परत वाच. एम.एस्सी. पासनं.

ज्योत्स्ना : 'एम.एस्सी. आहे, तिकडे कॉलेजात शिकवत होती. इथे आल्यापासून घरीच असते.'

केसरबाई : ती तर म्हणती तितं कॉलेजात शिकवती. गोरी पोरं आधी तिच्या बोलण्याला हसायची, आता गप ऐकत्यात, असं सांगितलंय तिनं. मी गावात पेढं वाटलं, जोत्स्ना. शाळेतल्या बाईंनी फळ्यावर लिवलं, गावची लेक अमेरिकेत प्राध्यापक.

ज्योत्स्ना : मला वाटलं तुम्हाला माहीत असेल.

केसरबाई : मारतोय का काय तिला?

ज्योत्स्ना : तसं काही लिहिलं नाही.

केसरबाई : असलं कुणी लिवतंय व्हय? घे, टाइप कर. 'मी के. राम न्हाय. मी तुझी सासू केसरबाई. माझी लेक घरात कोंडून वर आमाला कायदा शिकवतोस व्हय?'

ज्योत्स्ना : करते. पण एकदा गेलं की परत घेता येत नाही. सगळं जग वाचेल. आणि ते चिडले तर राग कुणावर काढतील? घरात दुसरं कोण आहे?

केसरबाई : मग काय करू? गप बसू?

ज्योत्स्ना : आधी ताईंशी बोला. आणि राग येणार नसेल तर एक सांगू?

केसरबाई : येईल. पर सांग.

ज्योत्स्ना : त्यांनी वाक्य तुमचंच घेतलंय. त्या ऊसतोडीच्या सरुबाईला तुम्ही रहिवासी दाखला दिला नाही, ते तुम्हीच लिहायला लावलंत. मी म्हणाले होते, माझी आजीसुद्धा बाहेरनंच आली होती. तुम्ही म्हणालात, तू टाइप कर.

केसरबाई : बाहेरनं आमीबी फिरलो. माझं सासरं मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं. पर कुठल्या गावाला रेशन न्हाय मागितलं.

ज्योत्स्ना : राहू तर देत होते ना लोक?

केसरबाई : मेंढरांसकट शेतात बसवायचं, लेंड्यांच्या खतासाठी. काम झालं की उठा म्हणायचं. … आन् रोहिणी आन् सरुबाई एक व्हय?

ज्योत्स्ना : मी कुठं म्हणतेय? रविराजराव म्हणतायत.

(पुढच्या आठवड्यात, बारामतीतली तीच कॉम्प्युटरची खोली. ह्या खेपेला केसरबाईंचे पती रामभाऊही सोबत आहेत.)

रामभाऊ : म्हंजे हितं बसून चालतंय समदं. अगं, माझ्या नावानं माझ्याच जावयाला शिव्या घालतीस व्हय?

केसरबाई : तुमच्या नावानं कुठं? के माझा, राम तुमचं. निम्मं निम्मं.

रामभाऊ : शिव्या तेवढ्या समद्या तुझ्या.

ज्योत्स्ना : बसा काका. काकी, ताईंशी बोलणं झालं का?

केसरबाई : झालं. जावई ऑफिसात गेल्यावरची वेळ धरून बूथवरनं फोन लावला. इचारलं, कॉलेज कसं चाललंय? म्हणाली, बरं चाललंय. मी म्हणलं, रोहिणी, मला ठावं हाय. मग समदं सांगाय लागली.

रामभाऊ : बूथवाला बिलाचा आकडा बघून घाबरला. मी खुणेनं सांगितलं, चालू दे.

केसरबाई : म्हणाली, गेल्या गेल्या वाटलं व्हतं मिळंल परवानगी, म्हणून बोलून गेले. मग तू पेढं वाटलंस म्हणालीस, तवा मागं फिरता येईना. दर फोनला नवीन काय तरी रचून सांगावं लागायचं. ती हसणारी पोरंबी रचलेलीच.

ज्योत्स्ना : त्रास वगैरे…?

केसरबाई : न्हाय. हात उचलत न्हाय, वाईट बोलत न्हाय. तिच्याशी काहीच बोलत न्हाय, असं म्हणाली. दिवसभर भिंती न् ती. आन् मग म्हणती कशी, आई, के. राम तूच ना?

ज्योत्स्ना : अगं बाई! कसं ओळखलं?

केसरबाई : म्हणाली, 'तुमच्या बजेटनं काय चूल पेटवायची का' असं ग्रामसभेत दुसरं कोण बोलतंय? तिला पयल्या म्हैन्यातच कळलं व्हतं. त्यो गेला की मशीन लावती आन् वाचती. मधी आमची उसाची लावणी चालली व्हती, तवा मी आले न्हवते, आठवतंय? तवा ती रोज उघडून बघायची, आई आली का. म्हणाली, तू त्याला बोलतीस न्हवं, तवा घरात कुणी आल्यावाणी वाटतंय.

रामभाऊ : मी म्हणतो सरळ घरी आणू तिला.

केसरबाई : ती येत न्हाय म्हणती. तिला पुढं शिकायचंय. कामाला बंदी हाय, शिकायला न्हाय. पर जावई म्हणत्यात, नोकरी करता येत न्हाय तर फी कशापायी भरायची?

रामभाऊ : मग मी बोलतो पाव्हण्यांशी.

केसरबाई : तुमी? 'पाव्हणं, थंडी काय म्हणती' असं इचारून फोन ठेवताल.

रामभाऊ : आता जावयाला थंडी न्हाय इचारायची तर काय इचारायचं?

केसरबाई : सासूनं सांगितलं तर म्हणंल, संसारात ढवळाढवळ. सासऱ्यानं सांगितलं तर व्हय व्हय म्हणंल आन् सोडून देईल. पर रोहिणी म्हणाली, एरवी बोलत न्हाय, पर जेवताना त्यो के. रामचं लिवलेलं तिला मोठ्यानं वाचून दाखवतोय. म्हणतोय, म्हातारा हट्टी हाय, पर त्याला उत्तर द्यावंच लागतंय. मग के. रामनंच सांगावं की.

ज्योत्स्ना : सांगा, मी टाइप करते. पण ते दाखल्याचं तोंडावर मारतील. म्हणतील, तुम्ही सरुबाईला देत नाही आणि मला अक्कल शिकवता.

केसरबाई : दिला.

ज्योत्स्ना : काय दिला?

केसरबाई : दाखला. सरुबाईला, आन् तिच्या संगट आलेल्या बाकीच्यांनाबी. सोमवारी सही केली.

ज्योत्स्ना : खरंच? पटलं तुम्हाला?

केसरबाई : पटायचं काय त्यात? त्याला उत्तर द्यायला तोंड नको का मला?

रामभाऊ : दोघं मेंबर रुसून बसल्यात. एक तर चहाला बोलावलं तरी येईना.

केसरबाई : येईल. निवडणूक लांब न्हाय. घे जोत्स्ना. 'रविराजसाहेब, तुमी माझ्याशी सहमत झालात. पर आता मीच माझ्याशी सहमत न्हाय. त्या लोकांना दाखला दिलाय. इतकी वर्सं आमचा ऊस तोडत्यात, आमच्याच दुकानात मीठ-मिरची घेत्यात, मिठामागचा टॅक्स भरत्यात, मग ती बाहेरची कशी?'

ज्योत्स्ना : मिठावर टॅक्स नाही बहुतेक, काकी. ते लगेच धरतील.

केसरबाई : मग काडेपेटी लिव. डिझेल लिव. साबण लिव. पुढं… 'तुमाला हिशेब आवडतो, तर ह्यो करा. तुमच्या मालकिणीला एम.एस्सी. करायला ह्या राज्यानं पैसा घातला. त्यो आमच्या काडेपेटीतनं गेला. आता ती घरात बसून हाय, म्हंजे त्यो पैसा पडून हाय. नोकरी देत न्हाय ते तितलं सरकार. शिकू देत न्हाय ते कोण? गावानं सबसिडी बुडवली म्हणून आमाला बोलता, मग ही कुणी बुडवली?'

ज्योत्स्ना : शेवट जरा जास्त होतोय का?

रामभाऊ : लईच व्हतंय.

केसरबाई : गेल्या खेपेला मी त्याला काय म्हणले व्हते?

ज्योत्स्ना : 'दुसऱ्याच्या बांधावर उभा राहून आमच्या विहिरीचं पाणी मोजणारा.'

केसरबाई : मग हे त्यापरीस मऊच हाय. आता हळू बोलले तर त्याला संशय यायचा. धाड.

रामभाऊ : खाली 'आपला नम्र' तेवढं घाल, पोरी. बरं दिसतंय.

*

ज्योत्स्ना : आलंय, काकी. दिवाळीत मशीन बंद होतं, आज उघडलं. लांबलचक आहे.

केसरबाई : कवा आलंय?

ज्योत्स्ना : आपण पाठवलं त्याच्या तिसऱ्या दिवशीच. बघा, सगळे मुद्दे आकडे घालून लिहिलेत. पहिलाच : 'राम साहेबांना अर्थशास्त्राचा गंध नाही.'

केसरबाई : बरं.

ज्योत्स्ना : 'काडेपेटीवरच्या टॅक्समधून विद्यापीठं चालत नाहीत. ती कशी चालतात ते खाली देतो.' मग दोन पानं तेच आहे.

केसरबाई : दाखल्याचं?

ज्योत्स्ना : 'मतांसाठी गावं अशी विकली जातात.'

रामभाऊ : मतं कसली? त्यांची नावं अजून यादीत न्हाईत.

केसरबाई : तुमी थांबा. रोहिणीचं काय?

ज्योत्स्ना : वाचते… इथं तुमच्या पक्षावर आहे… इथं दुसऱ्या कुणाला तरी बोलतायत… थांबा, सगळ्यात खाली. 'ता. क. माझी पत्नी जानेवारीपासून इथल्या कॉलेजात पुढच्या अभ्यासाला जाणार आहे. हा निर्णय आम्ही आपल्या पत्राआधीच घेतला होता. गैरसमज नसावा.'

रामभाऊ : आधीच घेतला व्हता?

ज्योत्स्ना : असं लिहिलंय.

केसरबाई : म्हणू द्या. मानपानाचा माणूस हाय.

ज्योत्स्ना : ताई काय म्हणाल्या?

केसरबाई : पाडव्याला फोन आला व्हता. आधी त्यो बोलला. नमस्कार आई, तब्येत कशी, म्हणाला. मी म्हणलं, तुमच्या किरपेनं बरी हाय. मग तिनं घेतला. पुस्तकं लई जड असत्यात म्हणाली. कोणत्या बसनं जायचं ते सांगत बसली. मला बसचा नंबर काय करायचाय? पर ऐकला.

ज्योत्स्ना : खरंच आधी ठरवलं होतं का, विचारलं नाही?

केसरबाई : न्हाय. त्यो जवळच उभा असणार. आन् कळून काय करायचंय?

रामभाऊ : झालं तर मग. आता ह्यो धंदा बंद कर. जावई हायेत, कवा तरी उजेडात यायचं.

ज्योत्स्ना : काका म्हणतात तेही खरंय. थांबायचं का, काकी? के. राम आजारी आहेत असं लिहिते, कुणी शंका घेणार नाही.

केसरबाई : जानेवारीला अजून किती दिस हायेत?

ज्योत्स्ना : दीड महिना तरी.

केसरबाई : तवर ती घरातच हाय, रोज उघडून बघंल. घे, बोटं चालव. 'रविराजसाहेब, विद्यापीठ कसं चालतंय ते तुमी दोन पानं सांगितलं. त्यातलं पयलंच चुकलंय.'

ज्योत्स्ना : पहिलं काय चुकलंय?

केसरबाई : ते बघू सावकाश. आधी येवढं धाड. तिकडं आता उजाडत असंल.

ज्योत्स्ना : रविराजराव काही उठल्या उठल्या बघत नाहीत, काकी. ते रात्री वाचतात.

केसरबाई : त्यो कवाबी वाचू दे.