दोन जिवांची, म्हणून दोन गोळ्या

पेटीवाले, जरा थांबा! मंडळी, आधी एक सांगा – मायेला माप असतं का? काय म्हणालात, आजी? नसतं? वा! आमच्या कालिंदीकाकूही अगदी असंच म्हणायच्या. मग ऐका त्यांचीच गोष्ट!

काकू गुहागरच्या. त्या वाढायला आल्या की पाहुण्यानं पानावर आडवा हात धरायचा, आणि काकूंनी बोटांच्या फटीतून तूप सोडायचं! अशा काकूंच्या सुनेला, केतकीला, दिवस गेले. झालं! काकूंचे पाय जमिनीवर ठरेनात.

आता बघा हं. काकूंच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाची गोळी दिलेली. आठवड्याला एक! गुडघ्यांना आराम पडला. काकू म्हणाल्या, "मला एवढा गुण आला, मग पोरीला का नको?" त्यात भावानं दुबईहून बाटली धाडलेली – सोनेरी, चमचमत्या गोळ्या, अ आणि ड दोन्ही असलेल्या! ती ठेवली कुठे? देव्हाऱ्यात! सकाळी पूजा झाली की केतकीच्या तळहातावर पळीभर तीर्थ, आणि तीर्थामागून गोळ्या – काकूंच्याही आणि दुबईच्याही. सांगा मंडळी, तीर्थाला नाही कोण म्हणेल? आणि आठवड्याची गोळी – रोज! तीही एक नाही!

"आई, दोन दोन?"

"अगं, दोन जिवांची ना तू! एक तुझी, एक त्याची!"

हसताय काय? तुमच्या घरी असंच श्रीखंड वाढतात की नाही?

काकूंचे यजमान अप्पा हळूच म्हणाले, "अगं, डॉक्टरांना विचारलंस का?"

"त्यात विचारायचं काय? विष आहे का ते? जीवनसत्त्व आहे! नावातच जीवन!"

अहो काकू, पाण्यालाही जीवनच म्हणतात! बुडणाऱ्याला विचारा!

पुढे केतकीला उलट्या लागल्या. काकू गल्लीभर कौतुकानं सांगत सुटल्या, "डोहाळे भारी कडक हो!" पोरगी तांब्यावर तांब्या पाणी पितेय, अन्न बघवत नाही, चेहरा उतरलाय. मग काकूंनी काय केलं असेल? बरोबर! अशक्तपणा आला म्हणून तिसरी गोळी सुरू केली!

एके सकाळी केतकी तीर्थ घ्यायला आली आणि देव्हाऱ्यासमोरच मटकन खाली बसली. अप्पांनी रिक्षा आणली. खातू डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि विचारलं, "कॅल्शियम फार वाढलंय. तू घेतेस तरी काय काय?"

केतकीनं सासूकडे पाहिलं आणि मान खाली घातली. गुणाची पोर! सासूचं नाव घेईना. काकूंनीच पिशवीतून गोळ्यांचं पाकीट आणि बाटली काढली. "मी देते हो. तीर्थाबरोबर."

बाईंनी बाटली वाचली. "काकू, या गोळ्यांतलं तेल कशाचं, ठाऊक आहे?"

"सूर्यफुलाचं असेल."

"माशाच्या यकृताचं!"

अरे देवा! मासळीच्या नुसत्या वासानं खिडक्या लावणाऱ्या काकू – आणि बाळकृष्णाच्या शेजारी मासा! पण डॉक्टरीणबाई हसत नव्हत्या. म्हणाल्या, "काकू, कढईतलं पाणी ओतून दिलं की निथळून जातं. तेलाचा थर मात्र राहतो की नाही? अ आणि ड तसेच आहेत. जास्त झाले तर अंगात साठतात. ड वाढलं म्हणून हिच्या या उलट्या आणि ही तहान. आणि अशा गोळ्यांतलं अ फार झालं, तर पोटातल्या बाळाच्या घडणीतच दोष राहू शकतो."

आता हसू नका, मंडळी. काकूंनी आपल्या हाताकडे पाहिलं. "या हातानं... माझ्याच नातवंडाला?" आणि त्या ढसाढसा रडल्या.

गोळ्या बंद झाल्या, सलाईन लागलं. केतकी सावरली. पण बाळ? ते सोनोग्राफीत कळायचं होतं. जगाला आग्रह करणाऱ्या काकू तोवर स्वतःच्या पानावरून अर्धपोटी उठत होत्या. शेवटी पाचव्या महिन्यात डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघून म्हणाल्या, "सगळं नीट दिसतंय. वेळेत आलात!" पडद्यावर बाळानं पाय झाडला, आणि काकूंनी त्या यंत्रालाच दोन्ही हात जोडले!

मुलगी झाली, बारसं झालं. बाळासाठी डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाचे थेंब लिहून दिले. काकू ड्रॉपर उजेडात धरून, एक डोळा मिटून माप बघतायत. अप्पांनी मुद्दाम डिवचलं. "अगं, एवढंसंच? घाल की अजून थेंबभर! नात आहे तुझी!"

"खबरदार! डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच! जास्त द्यायचंच असेल तर पापी द्या तिला. पापीला माप नाही!"

मिळालं उत्तर, मंडळी? मायेला नसेल माप, पण गोळीला असतं! घरी गेलात की डबे उघडा. शेजारणीला गुण आला म्हणून आणलेली, लेकानं परदेशातून पाठवलेली, आठवड्याची असून रोज घेतलेली – सगळ्या गोळ्या डॉक्टरांपुढे मांडा, आणि घरात कुणाला दिवस गेले असतील तर आधी मांडा!

आणि आजी, मघाशी माप नसतं म्हणालात ना? मग नातसुनेला दिलीत त्या पिशवीत गोळ्यांसारखं काय खुळखुळत होतं हो?

धरा सूर, पेटीवाले!