सासूबाई गेल्या, बादली राहिली

नाही, तुम्हीच सांगा, माणूस गेल्यावर मागे चष्मा राहतो, छत्री राहते, गेलाबाजार एखादी काठी... आमच्या सासूबाईंनी मागे काय ठेवावं? बादली! खताची! भाज्यांच्या साली, चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं, सगळं तिच्यात कुजवायचं आणि गॅलरीतल्या लिंबाच्या झाडाला घालायचं. बरं, गेलात तर आवाज तरी बरोबर न्या! मी आपला केळं खातो, साल टाकायला झाकण उघडतो, की आतून, तुम्हाला सांगतो, अगदी बादलीच्या आतून, "जावईबापू, अख्खं साल? बादलीला दात आहेत?"

मी गुपचूप सुरी घेतो. ऑफिसात सगळे मला टरकून असतात, आणि इथे मी गळ्यात टाय घालून चहाचा चोथा धुतोय! का? तर "साखर राहिली की मुंग्या येतात, जावईबापू!" सासूबाई गेल्या, बादली राहिली!

बादलीचं सोडा हो, मला घोर होता बायकोचा. आई गेली तशी ती बोलायचीच थांबली. भांडण नाही, रडणं नाही... "हं", "नको", "ठेवलंय", एवढ्यावर आमचा संसार! पूर्वी मीच म्हणायचो, जरा गप्प बस गं... तेव्हा माझी जीभ का नाही झडली? संध्याकाळी त्या बादलीपाशी जाऊन बसायची. आणि खत काढू देईल तर शपथ! कारण वरचं आपलं असलं तरी तळाशी आईनं टाकलेलं ना! तिनं सोललेल्या बटाट्यांच्या साली, तिच्या शेवटच्या चहाचा चोथा... हात लावायचा नाही! इकडे बादली ओसंडतेय, खालच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर नाकाला रुमाल लावून वर येतोय, "अहो, पेशंट विचारतात, हा वास माझ्याच तोंडाचा का?" आणि तिकडे झाड उपाशी, पानं पिवळी पडून गळतायत! सासूबाई गेल्या, बादली राहिली, आता झाडही निघालं!

शेवटी एका रविवारी म्हटलं, होऊन जाऊ दे. बादली कागदावर उपडी केली. वाटलं हो, आता सासूबाई आतून मनगट धरतायत! पण तळाशी... काहीच नव्हतं. ना साल, ना चोथा, ना वास. नुसती काळी, भुसभुशीत माती. मागे वळतो तर बायको उभी. मेलो! पण ती खाली बसली, मुठीत माती घेतली, बोटांनी चाळत कितीतरी वेळ काहीतरी शोधत राहिली, आणि मग जी रडली... मीही रडलो, खोटं कशाला सांगू? मग तिनंच मूठ मूठ करून ती माती झाडाच्या बुडाशी घातली.

सुटलो म्हटलं! बादली धुतली, झाकण उघडून कान लावला, चिडीचूप! दुसऱ्या दिवशी निवांत वांगी चिरतोय, देठ टाकायला गेलो, तर पाठीमागून... तोच हेल!

"अहो, देठ तसाच टाकताय? तुमचे आजोबा येणार आहेत कुजवायला?"

बायको! एवढ्या महिन्यांत पहिलं अख्खं वाक्य! मागोमाग आणखी चार, सगळी माझ्या खानदानावर. आता माझी जन्मात सुटका नाही, तुम्हाला सांगतो... आणि मी? डोळे पुसत देठ ठेचतोय, आणि वर तिलाच विचारतोय, "एवढा बारीक चालेल का गं?"