पोपटाची बोलती बंद

जनावरांच्या दवाखान्यात पंखा संथ फिरत होता. मांडीवरच्या मांजराबरोबर शिंपीणबाईंनाही पेंग येत होती. शेजारी एकाजवळ पोपटाचा पिंजरा, दुसऱ्याजवळ म्हातारा कुत्रा.

“काय झालंय हो पोपटाला?” कुत्रेवाल्यानं विचारलं.

“बोलती बंद झालीये.”

“आधी काय बोलायचा?”

“मी दिसलो की, ‘गद्दार!’”

“अरे देवा! कुणी शिकवलं?”

“आमच्या दादानं. निवडणुकीत मी दुसऱ्या पक्षाचा झेंडा धरला, तेव्हापासून दादानं अबोला धरला. जे काय बोलायचं ते पोपटाच्या तोंडून.”

“मग बरंच झालं की! सुंठीवाचून खोकला गेला.”

“दादा गेला हो, मागच्या महिन्यात. पोपटाचा आवाज हुबेहूब त्याचा.”

शिंपीणबाईंना मिटल्या डोळ्यांनीच पिंजऱ्याजवळची कुजबुज ऐकू आली.

“म्हण ना रे राजा, गद्दार म्हण. एकदाच.”