कोपऱ्यातली सही

शिंपीण : बटण तुटलेलं नाही हे. कापडासकट उपटलंय. कोणी धरलं होतं तुला?

नकाशेवाला : कोणी नाही, ताई. कचेरीच्या दारात अडकलं.

शिंपीण : तीस वर्षं शिवणकाम करतेय मी. दारात अडकलं तर खाली फाटतं, हे वर ओढलंय. आण तो कोट इकडे. आणि तिथे नको बसू, झेंडे आहेत ते. शुक्रवारच्या मिरवणुकीचे दोनशे झेंडे सांगितलेत.

नकाशेवाला : लढाई तर उद्या आहे.

शिंपीण : म्हणून काय झालं? नवे जनरलसाहेब आधी मिरवणूक ठरवतात, मग लढाई. मला बाई आवडतो असा माणूस. नाहीतर तुझे ते म्हातारे साहेब. उठलं की नुसतं पाणी जोखत बसायचं.

नकाशेवाला : ते विचारायचे, ताई. माझ्यासारख्या नकाशे काढणाऱ्यालासुद्धा विचारायचे. कागद पुढ्यात घेतला की पहिला प्रश्न एकच, यातलं न पाहिलेलं काय आहे? मी पायी फिरून पाहिलं असेल तेवढंच काढायचं, बाकी जागा पांढरी सोडायची. सगळा भाग पाहून झाला की मगच कोपऱ्यात माझी सही.

शिंपीण : मला नको सांगूस त्या पांढऱ्या जागेचं कौतुक. तिच्यापायीच नदीकाठी तीन आठवडे तळ पडला होता. तुझ्या मेहुण्यांना गोळी लागली नव्हती रे. तापाने गेले ते, चिखलात बसून बसून. आणि शत्रू तोवर आरामात निघून गेला.

नकाशेवाला : विसरलेलो नाही मी. म्हातारे साहेब स्वतः आले होते तुझ्याकडे.

शिंपीण : आले होते. तिथेच, दारात उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. म्हणाले, बाई, मी थांबलो ती माझी चूक झाली. मला त्यांचा गळा धरावासा वाटला होता. चूक झाली म्हणे. नव्या साहेबांनी बघ, पूल एका सकाळीत घेतला.

नकाशेवाला : घेतला. नकाशा माझा होता, म्हाताऱ्या साहेबांच्या वेळचा. त्या पुलाचा एकेक दगड मी हात लावून पाहिला होता. पण खोटं कशाला बोलू, नवे साहेब नसते तर तो नकाशा कपाटातच राहिला असता. त्यांच्यात काहीतरी आहे. ते खोलीत आले की माणसं ताठ उभी राहतात.

शिंपीण : मग तुझं तोंड का उतरलंय? दोरा ओवून दे जरा. सकाळी तुझ्या भाच्याचं पत्र आलंय, गणवेशांच्या गाडीवाल्याने हातोहात आणून दिलं. चष्मा सापडेना म्हणून वाचायचं राहिलंय. गाडीवाला सांगत होता, सगळ्यात पुढच्या तुकडीत आहे बरं तो.

नकाशेवाला : पुढच्या? तो तर मागे, सामानाच्या गाड्यांवर होता ना?

शिंपीण : नव्या साहेबांनी स्वतः रांगेतून निवडलं. छाती फुगली असेल त्याची. काय रे? दोरा का खाली ठेवलास?

नकाशेवाला : ताई, पुढची तुकडी उत्तरेच्या दरीतून जाणार आहे. ती दरी माझ्या नकाशावर पांढरी होती.

शिंपीण : होती म्हणजे?

नकाशेवाला : मागच्या आठवड्यात साहेबांनी कागद पाहिला, पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि विचारलं, ही कोणाची भीती आहे? मी म्हटलं, साहेब, मी तिथे गेलेलो नाही. एक मेंढपाळ भेटला होता, तो सांगत होता की वरून हिरवळ दिसते, पण जनावराने पाय ठेवला की खाली जातं. साहेब हसले. म्हणाले, मेंढपाळाच्या सांगण्यावरून सैन्य थांबत नसतं, तिथे कोरडी जमीन दाखव.

शिंपीण : आणि तू दाखवलीस.

नकाशेवाला : दाखवली. सहीपण केली.

शिंपीण : घाबरलास.

नकाशेवाला : घाबरलो होतो. पण नुसतं तेवढंच असतं तर बरं झालं असतं. साहेब इतक्या खात्रीने बोलत होते, की त्या क्षणी मलाही वाटलं, असेल तिथे जमीन. घरी आलो, जेवायला बसलो, तेव्हा मेंढपाळाचं बोलणं आठवलं.

शिंपीण : मग सांगायचं ना जाऊन.

नकाशेवाला : आज गेलो होतो. सगळे अधिकारी आत बसले होते. मी म्हटलं, त्या दरीबद्दल जरा शंका आहे. साहेबांनी मान वर केली नाही. म्हणाले, निर्णय झाल्यावर शंका काढतो तो फितूर. मेजरने कोटाला धरून बाहेर काढलं.

शिंपीण : शंका आहे म्हणालास. सही खोटी आहे, असं म्हणालास?

नकाशेवाला : नाही.

शिंपीण : का नाही?

नकाशेवाला : खोटा नकाशा दिला की गोळी घालतात, ताई. आणि हे बघ, टेहळणीची माणसं आधी पुढे जातातच. नियम आहे तो. चिखल दिसला की मागे फिरतील. मी त्याच आशेवर आहे.

शिंपीण : ते पत्र दे. तिथे, कात्रीखाली. तूच वाच.

नकाशेवाला : "आई, मी बरा आहे. बूट नवे मिळाले. उद्या पहाटे आम्ही दरी ओलांडणार. सगळे जरा घाबरले होते, पण नकाशा वाटला तेव्हा कोपऱ्यात मामाची सही दिसली. मी सगळ्यांना सांगितलं, हा माझा मामा, पाहिल्याशिवाय रेघ ओढत नाही. कॅप्टन म्हणाले, मग टेहळणीत वेळ घालवायला नको, सरळ जाऊ."

(शिंपीण कोट मांडीवर ओढून बटण शिवू लागते.)

शिंपीण : वाच पुढे.

नकाशेवाला : पुढे काही नाही. मला नमस्कार सांगितलाय.

शिंपीण : मुख्यालयातून दरीपाशी फोन लागतो?

नकाशेवाला : लागतो. पण साहेबांच्या हुकमाशिवाय कोणी लावणार नाही.

शिंपीण : आत अधिकारी किती होते?

नकाशेवाला : असतील दहा-बारा. संध्याकाळी पुन्हा बसणार आहेत.

शिंपीण : दहा-बाराजणांत एखाद्याचा तरी मुलगा त्या तुकडीत असेल, तो लावेल फोन. साहेबांशी बोलूच नकोस. त्या सगळ्यांकडे बघून मोठ्याने सांग, सही माझी आहे आणि खोटी आहे.

नकाशेवाला : ताई, मी परत येणार नाही मग.

शिंपीण : कळतंय मला. तू माझा पाठचा भाऊ आहेस, मला कळत नाही असं वाटतं तुला? त्या म्हाताऱ्याला मी इतकी वर्षं शिव्या घातल्या. पण चूक माझी म्हणायला तो चालत माझ्या दारापर्यंत आला. हे नवे कोणाच्या दारात जाणार नाहीत. तुलाच जावं लागेल.

नकाशेवाला : चहा तरी घेऊ का आधी?

शिंपीण : संध्याकाळ होत आली. उठ. हात घाल बाहीत.

नकाशेवाला : बटण लावलंस?

शिंपीण : दुहेरी दोऱ्याने लावलंय. आता कितीही ओढलं तरी निघणार नाही.