आठवण आहे ना?

मनाला भिडेल असं लिहा, असं कुणी म्हटलं की मला अजून धास्ती वाटते. ईमेल नवीन होतं तेव्हा जयनगरच्या एका मिठाईवाल्याच्या गिऱ्हाइकांना मी मेल लिहायचो. एकदा लिहिलं, ‘मनात कुणाची तरी आठवण आहे ना? त्यांच्यासाठी म्हैसूरपाक न्या.’

दुसऱ्या दिवशी बसवनगुडीच्या एक अक्का दुकानात हजर.

‘माझा मुलगा अमेरिकेत आहे, हे तुला कुणी सांगितलं?’

‘कुणी नाही, अक्का. हाच मेल सगळ्यांना गेलाय.’

‘आमच्या ह्यांनाही? ऑफिसात?’

‘हो तर!’ मालक खुशीत म्हणाले. ‘काल वाचून लगेच आले, दोन डबे घेऊन गेले.’

अक्का मालकांकडे वळल्या.

‘घरी एकच आला.’